घरचे नियम

खेळावरून भांडण झालें म्हणजे वडील माणसांनीं "खेळच तो, त्यांत रडावयाचें काय?" असें म्हणून उठून जावें, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. आम्हींही ती पुष्कळ वर्षें पाळली. शाळेंत असतांना मधल्या सुटींतील तंटे आम्ही याच वाक्यानें मिटवीत असूं. म्हणजे खरें पाहतां ते मिटत नसत, केवळ आमच्या कानांआड होत. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच माजघरांत एक असा तंटा उपस्थित झाला कीं, त्याचा निकाल देतांना आमची दोनदां चूक झाली. आणि तिसऱ्या वेळीं जें दिसलें, तें खेळापेक्षां घराविषयींच अधिक होतें. म्हणून या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

जळगांवचा मे महिना ज्यांनीं अनुभवला आहे त्यांस सांगावयास नको कीं, सकाळीं दहापासून संध्याकाळीं पांचपर्यंत घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. पारा ४४-४५ अंशांवर जातो, रस्ते ओस पडतात, आणि सुटीसाठीं जमलेलीं नातवंडें एका खोलींत कोंडलीं जातात. पूर्वीं अशा दुपारीं पत्ते, कॅरम, सोंगट्या चालत. यंदा थोरला नातू पुण्याच्या कॉलेजांतून एक नवा खेळ घेऊन आला. त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांच्या घरीं तरुण मुलें आहेत त्यांनीं तें ऐकलें असेल. इतरांसाठीं थोडें सांगतों.

या खेळास पट असलाच पाहिजे असें नाहीं. एक जण सूत्रधार होतो. तो एक जग कल्पितो आणि गोष्ट सांगूं लागतो: तुम्ही एका ओसाड किल्ल्यापाशीं आलां आहांत, आंतून उजेड दिसतो, काय करतां? बाकीचे प्रत्येकीं एक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी वैद्य. प्रत्येकानें आपल्या पात्राच्या वतीनें बोलावयाचें आणि करावयाचें. जें करावयाचें तें साधलें कीं नाहीं, हें वीस पैलूंच्या फांशानें ठरतें. म्हणजे कीर्तन, नाटक आणि सोंगट्या यांचें हें मिश्रण आहे असें म्हटलें तरी चालेल. हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला.

त्याचें मूळ मात्र लढाईच्या खेळांत आहे, आणि त्या मुळांतच आमच्या विषयाचा अर्धा भाग आलेला आहे. प्रशियाच्या सैन्यांत राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावरील युद्धाचा खेळ रचला. पुत्राचे नियम १८२४ सालीं छापून निघाले. त्यांत दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच असे, आणि किती माणसें पडलीं हें फांसे व कोष्टकें यांवरून ठरे. कोष्टकें वाढत गेलीं, तसतसा खेळ रेंगाळूं लागला. तेव्हां १८७६ सालीं व्हर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानें उलट मार्ग सुचविला: कोष्टकें बाजूस ठेवा, अनुभवी पंच सांगेल तें खरें माना. नियम मोठा कीं पंच मोठा, हा वाद तेव्हांपासून चालू आहे. सन १९७४ च्या त्या पुस्तिका तर इतक्या त्रोटक होत्या कीं, घरोघरीं लोकांनीं आपापले नियम जोडून घेतले. आणि कर्त्यांनींही तसें करण्यास उत्तेजनच दिलें.

आपल्याला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. बदाम सात किंवा झब्बू दोन घरांत सारखा खेळला जातो असें कोणी शपथेवर सांगेल काय? लग्नघरीं निरनिराळ्या गांवचे पाहुणे पत्ते कुटावयास बसले म्हणजे पहिलीं पंधरा मिनिटें "आमच्याकडे असें नसतें" यांतच जातात. बुद्धिबळांतही हेंच होतें. आमच्या वडिलांच्या पिढीला जो देशी डाव ठाऊक होता, त्यांत प्यादें पहिल्या चालींत दोन घरें जात नसे. राजाला शह लागला नसेल तर एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. आणि प्यादें शेवटल्या घरांत पोंचलें म्हणजे ज्या मोहऱ्याचें तें घर, तेंच मोहरें होई. या देशी पद्धतींत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान पाश्चात्य नियम नव्यानें शिकला, १९२९ सालीं विलायतेस गेला, आणि त्याच वर्षीं ब्रिटनचें अजिंक्यपद जिंकून पुढें १९३२ व १९३३ सालींही तें त्यानें मिळविलें. नियम निराळे असले म्हणून खेळ खोटा होत नाहीं. खेळ खोटा होतो तो, कोणते नियम चालू आहेत हें सर्वांस सारखें ठाऊक नसलें म्हणजे.

आतां तंट्याकडे वळूं. थोरला नातू सूत्रधार होता. मधल्यानें जादूगार घेतला. धुळ्याची आमची नात, वय वर्षें तेरा, तिनें योद्धा घेतला. तिला तलवार हवी होती. दोघे चुलत भाऊ चोर आणि वैद्य झाले. सहा वर्षांचा धाकटा नेहमींप्रमाणें लिंबूटिंबू होता, म्हणजे त्यानें फांसा टाकावा, सर्वांनीं वाहवा करावी, आणि त्याचें दान कोठेंच मोजूं नये. चार दिवस आनंदांत गेले. पांचव्या दिवशीं नात मध्येंच उठली, आपला कागद तिनें चार घड्या करून ठेवला, आणि "मला नाहीं खेळायचें" म्हणून आंत गेली. कोणी कांहीं बोललें नव्हतें, कोणी चिडविलें नव्हतें. मुलें गोंधळून आमच्याकडे आलीं.

चौकशी केली तेव्हां कारण असें निघालें. जादूगारापाशीं 'अग्निगोल' नांवाचा एक मंत्र आहे. तो पांचव्या पायरीवर मिळतो. वीस फुटांच्या त्रिज्येंत जे कोणी शत्रू असतील, त्या प्रत्येकास सहा पैलूंच्या आठ फांशांइतकी इजा होते; फार चपळ असेल त्यास निम्मी. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आमच्या खान्देशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापला होता, आणि त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख तेथें आहे; तेव्हां फांशांच्या हिशेबाला आम्हीं भ्यावें हें बरें नव्हे. सहा पैलूंच्या एका फांशाचें सरासरी दान साडेतीन, आठांचें अठ्ठावीस. शत्रू पांच असले तर एका पाळींत सुमारें १४० ची इजा. योद्ध्याची तलवार मात्र आठ पैलूंच्या एका फांशाची, अधिक बाहुबळाचे चार, म्हणजे सरासरी साडेआठ. पांचव्या पायरीवर दोन वार मिळतात, दोन्ही लागले तर सतरा. एकीकडे १४०, एकीकडे १७. नात तलवार उपसून पुढें सरसावेपर्यंत समोर राख उरलेली असे. तिनें उठून जावें यांत नवल तें काय?

आम्हीं तत्काळ निकाल दिला. अग्निगोल टाकतांना नाणें उडवावें. छाप पडली तर मंत्र चालेल, कांटा पडला तर वायां जाईल. हिशेबानें १४० चे ७० झाले. आम्हांस आपल्या समयसूचकतेचें कौतुकही वाटलें. परंतु मधला नातू हळूच म्हणाला, "आजोबा, डाव चालू असतांना नियम बदलायचा? मग तुम्ही आम्हांला द्यूतसभेची गोष्ट कशाला सांगितलीत?"

आम्ही निरुत्तर झालों. पोरगा खरें बोलत होता. सभापर्वांत पण लावणारा दुर्योधन आणि फांसे टाकणारा शकुनि हें जेव्हां उघड झालें, तेव्हां एकाच्या वतीनें दुसऱ्यानें खेळणें विषम आहे अशी हरकत युधिष्ठिरानें घेतली होती. ती कोणीं मनावर घेतली नाहीं, आणि तोही तसाच खेळावयास बसला. नियम बसतेवेळीं नीट ठरला नाहीं. पुढचा सारा अनर्थ त्याच पटावर झाला. आमच्या नातवानें पुस्तकांत छापलेल्या नियमाच्या भरंवशावर जादूगार घेतला होता, चार दिवस खपून पांचवी पायरी गांठली होती, आणि फळ हातीं येतांच आम्हीं तें अर्धें केलें. एकाचा अन्याय दूर करण्यासाठीं दुसऱ्यावर अन्याय केला, एवढेंच आमच्या निकालानें साधलें. तो आम्हीं मागें घेतला.

दुसरा उपाय अधिक उदार वाटला. नातीला बोलावून आम्ही म्हणालों, "सूत्रधार तुला एक दिव्य तलवार देईल. तिच्या प्रत्येक वारानें वीज पडेल. मग तर झालें?" तिनें आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "आजोबा, ती मला रुसले म्हणून मिळणार. मला तलवार नको. या खेळांत मी लिंबूटिंबूच आहे ना? मग तसें सांगा तरी."

हें वाक्य आमच्या मनांतून दोन दिवस गेलें नाहीं. लिंबूटिंबू ही आपल्याकडील फार प्रेमळ व्यवस्था आहे. लहानग्यास वगळलें असें वाटूं नये, म्हणून त्यास खेळांत घ्यावयाचें. आणि त्याच्यामुळें डाव बिघडूं नये, म्हणून त्यास मोजावयाचें नाहीं. सहा वर्षांच्या मुलास त्यांत आनंद असतो. परंतु तेरा वर्षांच्या मुलीस तोच सन्मान नकळत दिला गेला, तर ती त्यास काय म्हणेल? तिला हरावयाचें सुद्धां होतें. पण हरण्याइतकें तरी तिला कोणीं मोजावें, एवढीच तिची मागणी होती.

तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, निकाल नंतर, आधीं पाहणी. नातीची समजूत घालून तिला पुन्हां बसविलें. एक जुनी वही घेऊन हजेरीपटाप्रमाणें रेघा आंखल्या, आणि एक दुपारभर खेळाजवळ खुर्ची टाकून बसलों. कोणाची पाळी केव्हां आली आणि त्यानें काय केलें, एवढेंच टिपीत गेलों.

पाहणींत पहिली गोष्ट ही आढळली कीं, मुलें एक लढाई करीत आणि लगेच पात्रांना झोपवीत. या खेळांत जादूगाराचे मंत्र मोजके असतात. पांचव्या पायरीवर अग्निगोलाच्या प्रतीचे मंत्र दिवसांतून दोनच. थोड्या विश्रांतीनंतर फार तर आणखी एक. रात्रभर झोंप झाली कीं ते पुन्हां भरून येतात. योद्ध्याच्या तलवारीला मात्र असें मोजमाप नाहीं. ती पहिल्या लढाईंत जेवढी चालते तेवढीच सातव्या लढाईंत चालते. खेळाच्या कर्त्यांनीं तोल साधला आहे तो येथें. पुस्तकाच्या २०१४ सालच्या आवृत्तींत सूत्रधारास सांगितलें आहे कीं, दोन रात्रींच्या मध्यें साधारण सहा ते आठ लढाया पात्रांस झेपतात. सहा लढाया असल्या तर जादूगारास दहादां विचार करावा लागतो: आतां टाकूं कीं राखून ठेवूं? आणि तो राखून ठेवील तेव्हां त्याच्यापुढें तलवार घेऊन उभें राहणारें कोणी तरी लागतें. आमच्या मुलांनीं सहांची एक केली होती. कोणीं मुद्दाम केली नव्हती. जेवणाची हाक येई, लढाई संपवून उठावें लागे, आणि दुसऱ्या दिवशीं "रात्र गेली असें धरूं" म्हणून आरंभ होई. हा घरचाच नियम होता. तो कोणीं केला नव्हता, कोठें लिहिला नव्हता. म्हणून कोणास दिसतही नव्हता.

जादूला मर्यादा कशी घालावी, हें आपल्या पूर्वजांना चांगलें ठाऊक होतें. महाभारतांतील शस्त्रें पाहावींत. इंद्रानें कर्णास दिलेली शक्ति अमोघ होती, पण एकदांच चालावयाची. ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वांचला. परशुरामांचें ब्रह्मास्त्र त्याच कर्णाला ऐन वेळीं आठवूं नये असा शाप होता. जयद्रथाला चौघां पांडवांना अडविण्याचा वर होता, पण एका दिवसापुरता, आणि अर्जुनाला सोडून. कचाला संजीवनी विद्या साधली, पण ती त्याच्या हातून फळूं नये असा शाप देवयानीनें दिला; तो ज्याला शिकवील त्याच्याकडून मात्र ती फळेल, असें कचानें उत्तर दिलें. बळाला बंधन नसेल तर पर्वें अठरा होत नाहींत, एकांतच आटोपतें. या अमेरिकन खेळाच्या कर्त्यांनीं एकदां म्हटलेला मंत्र स्मरणांतून पुसला जातो ही कल्पना जॅक व्हान्स नांवाच्या इंग्रजी कथालेखकाकडून घेतली. पण तिचा चुलतभाऊ आपल्या कर्णपर्वांत आधींपासून बसलेला आहे.

मैदानी खेळांतही हाच विचार दिसतो. जुन्या हुतुतूचे तीन प्रकार होते. 'अमर' यांत बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजत. 'गामिनी' यांत गेलेला गेला. सारा संघ संपेपर्यंत त्यानें बाहेर बसावें. आणि 'संजीवनी' यांत प्रतिपक्षाचा एक बाद केला कीं आपला एक जिवंत होई. आजची कबड्डी बहुतांशीं संजीवनीवर उभारलेली आहे, आणि तें योग्यच झालें. कारण बाहेर बसलेल्या गड्याला आशा राहिली तर तो खेळांत राहतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत तर दहांपैकीं पांच रंगांत आंकडा जितका मोठा तितकें पान भारी, आणि उरलेल्या पांचांत जितका लहान तितकें भारी, अशी योजना आहे. एका रंगांतील कवडीमोल एक्का दुसऱ्या रंगांत मानानें उभा राहतो.

मात्र तोल म्हणजे सर्वांस सारखेंच देणें नव्हे. या खेळाची २००८ सालची आवृत्ति निघाली तेव्हां कर्त्यांनीं तसा प्रयत्न करून पाहिला: योद्धा आणि जादूगार दोघांचीं सामर्थ्यें एकाच सांच्यांत घातलीं, इतकीं रोजचीं, इतकीं प्रत्येक लढाईचीं. हिशेब अगदीं नीट जमला. पण सारीं पात्रें एकसारखीं वाटूं लागलीं अशी तक्रार जुन्या खेळाडूंनीं केली, आणि २०१४ सालीं तो सांचा बहुतेक मोडावा लागला. खान्देशवासीयांस याचें घरचें उदाहरण देतां येईल. एरंडोल म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी आपल्याकडे परंपरा आहे. तेथील पांडववाडा आणि जवळचें पद्मालय वाचकांनीं पाहिलें असेल. त्या नगरींत बकासुराकडे गाडा धाडण्याची पाळी प्रत्येक घरास सारखीच येत असे. नियम समान होता. परंतु पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरीं राहत होते, त्याच्या घरीं मोजकीं माणसें, आणि बदली माणूस विकत घेऊन धाडावा तर पैसा नाहीं. पाळी समान; भार समान नव्हे. घरांतील रडें ऐकून कुंतीनें विचारपूस केली म्हणून तें कळलें, नाहीं तर पाळीच्या यादींत कांहींच चुकलेलें नव्हतें.

आतां आमच्या वहींतील दुसरी गोष्ट सांगतों. ती लिहितांना संकोच वाटतो. त्या दुपारीं साडेतीन तासांत जादूगारानें २१ पाळ्या घेतल्या. नातीच्या ११ झाल्या. उरलेल्या दहांपैकीं चार वेळां शत्रू तिच्या पाळीपूर्वींच जळाले होते. तें अग्निगोलाचें काम. बाकीच्या सहा वेळां ती जागेवरच नव्हती. एकदां पाणी आणावयास गेली. एकदां गच्चीवरच्या कुरडया उलटवावयास. एकदां धाकट्यास निजवावयास. एकदां दार उघडावयास. आणि दोनदां चहा करावयास. प्रत्येक वेळीं सूत्रधार म्हणे, "ती येईपर्यंत पुढें जाऊं." चौघां मुलग्यांपैकीं कोणी त्या दुपारीं एकदांही उठला नाहीं. त्यांस कोणीं हाकच मारली नाहीं. तो दोन वेळचा चहा आम्हींच मागितला होता. हातांत वही होती, आणि आम्ही न्यायाची पाहणी करीत होतों.

आम्ही चाळीस वर्षें शाळेच्या वातावरणांत घालविलीं. मुलगे आणि मुली यांत भेद करूं नये, हें वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें. परंतु घरांत जो नियम कोणीं लिहिलेला नसतो, तो शिक्षकासही दिसत नाहीं. द्यूतसभेंत द्रौपदीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर भीष्मांसारख्या ज्ञात्याकडूनही स्पष्ट मिळालें नाहीं. धर्माची वाट सूक्ष्म आहे एवढेंच ते म्हणाले. कौरवांतला विकर्ण, वयानें लहान, तो मात्र उभा राहून स्पष्ट बोलला. त्या सभेंत आणि आमच्या माजघरांत अर्थातच जमीन-अस्मानाचें अंतर आहे; तरी वडील माणसें प्रश्न सूक्ष्म आहे म्हणतात तेव्हां पुष्कळदां तो त्यांच्या फार जवळ आलेला असतो, एवढें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

रात्रीं जेवणानंतर आम्हीं मुलांना जमविलें, वही त्यांच्यापुढें ठेवली, आणि आंकडे वाचून दाखविले. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढें जाऊं असें मींच म्हणत होतों." त्यावर आम्ही म्हणालों, "आणि चहा आम्ही." मग सर्वांनीं मिळून नियम केले. निर्णय मुलांचे, आम्ही केवळ लेखक. ते येणेंप्रमाणें:

एक. डाव चालू असतांना नियम बदलावयाचा नाहीं. हरकत असेल तर वहींत लिहावी. डाव उठल्यावर तिचा विचार व्हावा, आणि जें ठरेल तें पुढल्या डावापासून लागू व्हावें.

दोन. जो नियम ठरेल तो सूत्रधारालाही बांधील. त्याच्या राक्षसांनाही तोच.

तीन. तीन लढाया झाल्याखेरीज पात्रांनीं रात्रीची झोंप घ्यावयाची नाहीं. खरें जेवण मध्यें आलें तर गोष्ट तेथेंच थांबेल. दुसऱ्या दिवशीं रात्र गेली असें धरतां येणार नाहीं.

चार. कोणीही कामासाठीं उठलें तर खेळ थांबेल.

पांच. दुपारचीं कामें पाळीनें. पाळींत सर्व नातवंडें, आणि ज्यास चहा हवा तो प्रत्येक जण.

पांचव्या नियमावर मधल्यानें कुरकुर केली. पण चौथ्या नियमाचा गुण असा कीं, एकटी नात उठली तरी सारेच खोळंबत. तेव्हां कामें वांटून लवकर उरकण्यांत सर्वांचेंच हित झालें. नियम पाळला जावा असें वाटत असेल तर त्याच्या मोडण्याची झळ सर्वांस थोडीथोडी लागावी, हें तत्त्व मुलांनीं आमच्या मदतीशिवाय शोधून काढलें.

अग्निगोलाला आम्हीं हातही लावला नाहीं. तो आजही १४० चाच आहे. परंतु तिसऱ्या लढाईच्या दारांत मधला नातू नखें चावीत बसूं लागला, आणि "ताई, तूं पुढें हो, मी एक राखून ठेवतों" हे शब्द आमच्या कानांवर आले. ताई पुढें झाली. त्या आठवड्याच्या शेवटीं एका पुलावर तिच्या योद्ध्यानें बाकीच्यांना पलीकडे जाऊं दिलें, आणि वीस पैलूंच्या फांशानें तिला दगा दिला. योद्धा पडला. सूत्रधार दयेनें म्हणाला कीं, हवें तर दान पुन्हां टाक. तिनें मान हलविली. डोळ्यांत पाणी होतें, तरी नवा कोरा कागद तिनें स्वतःच मागून घेतला आणि दुसरें पात्र लिहावयास बसली. तो पहिला कागद, चार घड्यांचा, तिनें धुळ्यास जातांना सोबत नेला.

असो. वाचकांच्या घरीं हा परकी खेळ नसेलही. तेथें पत्ते असतील, सोंगट्या असतील, दिवाळींतील किल्ल्याचें काम असेल. आमची सूचना एवढीच आहे कीं, मुलांचें भांडण आपल्यापुढें आलें तर निकाल देण्याची घाई करूं नये, आणि रुसलेल्यास भेट देऊन गप्प करूं नये. एक दुपार जवळ बसावें, आणि कोणाची पाळी किती वेळां चुकली व ती चुकली तेव्हां तें मूल कोठें होतें, एवढें वहींत टिपावें. घरांत सहा वर्षांचा लिंबूटिंबू असेल तर त्यालाही अधूनमधून विचारावें कीं, तुझें दान आतां मोजूं काय? आमच्या धाकट्यास विचारलें, तर त्यानें साफ नकार दिला. मोजलें तर हरावें लागेल, हें त्यास समजतें. पुढल्या वर्षीं पुन्हां विचारूं.

चहाची आमची पाळी गुरुवारीं असे. पहिल्या गुरुवारीं साखर दुप्पट पडली. ती हरकत वहींत लिहिलेली आहे.